पांढरी दोनची तार

इथे बरेच जण लिहितात की आमचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझं तसंही नाही. विश्वास ठेवायचा की नाही, हा विचार करायलाच मला कधी फुरसत मिळाली नाही. सातवीत शाळा सुटली, नांदेडकडचं गाव सुटलं, आणि बेळगावच्या एका फाउंड्रीत साच्यात वाळू ठोकायला लागलो. लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या. मला फक्त कुणीतरी सांगावं, की हे मी केलं की नाही.

राहतो सांबऱ्याला, विमानतळाजवळ, आप्पांच्या घरामागच्या खोलीत. आप्पांचा लग्न-जत्रांना वाजवणारा ऑर्केस्ट्रा आहे, ते स्वतः कीबोर्डवर. परक्या मुलखातल्या पोराला त्यांनी जेवू घातलं आणि ग्रुपमधल्या बेसवाल्याच्या चार तारांच्या बेस गिटारवर बोटं ठेवायला शिकवलं. मला सूर वाचता येत नाहीत. कुठल्या गाण्याला कुठल्या तारेवर, दांड्यावरच्या कुठल्या घरात बोट, एवढं पाठ. तो बेसवाला आपली गिटार घेऊन पुण्याला गेला, तेव्हा आप्पा म्हणाले, "गिटार आण, जागा तुझी. न्हाईतर दुसरा बघावा लागंल रं." ती जागा गेली असती तर माझ्याकडे वाळूशिवाय काहीच उरलं नसतं.

मोबाईलवर जाहिरात दिसली — निपाणी, बेस गिटार, तीन हजार. दुकानात याच्या तिप्पट-चौपट. रविवारी एसटीने गेलो. दार उघडलं ते एका साठीच्या बाईंनी. सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणायची, मीही तेच म्हणायला लागलो. गिटार मुलाची. तो बेंगळुरूला नोकरीला, आता वाजवत नाही. आक्का भजनी मंडळात गायच्या आणि मुलगा मागे बेस धरायचा.

"लोक हसायचे," आक्का म्हणाल्या. "म्हणायचे, भजनात ह्ये दांडकं कशाला? पर माझा गळा बाप्यागत जड. पेटीवाले सांगायचे, आक्का, वर चढा. माझ्या पोरानं मला न्हाय चढवलं, तार खाली आणली. माझ्या गळ्याला लावलेली हाय ती."

मी मान डोलावली. कळलं काही नाही. नजर गिटारवर होती, डोक्यात एकच — मधेच किंमत वाढवतील. त्यांनी उलट भात-आमटी वाढली, शेंगाच्या चटणीची पुडी बांधून दिली आणि म्हणाल्या, "दर गुरुवारी फोन करत जा. वाजती का न्हाय कळंल मला."

घरी आल्यावर आप्पांनी कीबोर्डवर तिसरी पांढरी पट्टी दाबली. "जाड तार हितं पायजे. ही एक पट्टी खाली हाय. पांढरी दोनला." मी खुंटी पिळली, तार पांढरी तीनला लावली. दुसऱ्या सकाळी बघतो तर परत पांढरी दोन. ना वर, ना खाली... बरोब्बर दोन.

वाटलं, वरून विमानं जातात, त्यांच्या हादऱ्याने सुटत असेल. नवीन तार घातली. खुंटी बदलली. खुंटीवर पेनाने रेघ मारून ठेवली — रेघ जागच्या जागी, सूर मात्र पांढरी दोनला. मग रोज सकाळी सातला, कामावर जायच्या आधी, खुंटी पिळणं हा माझा नेम झाला.

गुरुवारी फोन व्हायचे. आक्का बोलायच्या भरपूर, माझ्या आईचीही चौकशी करायच्या. एकदा म्हणाल्या, "अलीकडं सकाळच्याला गळा असा ताणतोय बघ. सातच्या टायमाला. कुणीतरी आतनं पिळल्यागत."

तेव्हाही डोक्यात काही आलं नाही. पुढच्या आठवड्यात मला ताप आला, गिटारला हात लावला नाही. गुरुवारी आक्का म्हणाल्या, "ह्या आठवड्यात लई बरं हाय बघ." मग मात्र मी दिवस जुळवून बघितले. खात्री करायला — देव मला माफ करो — मंगळवारी दुपारी दोनला मुद्दाम खुंटी पिळली. गुरुवारी आक्का स्वतःहूनच म्हणाल्या. मंगळवारी दुपारी जेवताना घास अडकल्यासारखं झालं होतं, पाणी पिऊनही उतरेना.

मी तार सोडून दिली. पांढरी दोनला राहू दे म्हटलं. उरलेल्या तीन तारांवर कसंबसं वाजवू लागलो. आप्पांच्या कानातून ते सुटणार थोडंच? "काय करायलास रं तू? खालचा आवाज कुठं गेला? भरलेल्या मांडवात आपण पिपाणी वाजवायला आलोय काय?" ढोलकीवाला म्हणाला, "आप्पा, त्याची जाड तार रुसून माहेरी गेलीया." सगळे हसले. खरं सांगितलं आणि येडा म्हणून खोलीतून काढलं असतं तर जाणार कुठे...

पुढच्या रविवारी कडोलीला लग्न होतं. आप्पा सकाळी एवढंच म्हणाले, "आज नीट वाजव. न्हाईतर मला दुसरं पोरगं बघू दे." दुपारी, मांडवामागे टेम्पोच्या आडोशाला, मी खुंटी पिळली. म्हटलं एकदाच. संध्याकाळी परत सैल करतो.

त्या दिवशी तार उतरली नाही. सगळा कार्यक्रम पांढरी तीनला घट्ट. आप्पांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली — "आता बसला बघ सूर." घरी येऊन सैल करायला गेलो, तर खुंटी फिरेना. दोन्ही हातांनीही नाही.

धीर होईना म्हणून गुरुवारपर्यंत थांबलो. फोन उचलला गेला. पलीकडे नुसता श्वास. मग शेजारच्या वहिनी बोलल्या, "आक्कांचा आवाज गेलाय हो. रविवारी दुपारी भजनात गाता गाताच."

बेळगावच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. गळ्याची नस दुबळी झाली म्हणाले. वयाने होतं, कधी येतो आवाज, कधी नाही. ते शिकलेले आहेत, खरं सांगत असतील. याला आता आठ महिने झाले.

शेवटी आप्पांना सगळं सांगितलं. हसले नाहीत. हळू म्हणाले, "आरं येड्या... तार खालीच ठेवायची आणि तिच्यावर, मधली काळी पट्टी धरून, दोन घरं पुढं बोट दाबायचं. तोच सूर आला असता की रं. इचारायचं तरी."

दोन घरं. एवढंच होतं. मला पाठ होतं तेवढंच येत होतं, आणि विचारायची लाज वाटली.

मी निपाणीला जातो. आक्का अजून जेवू घालतात. पाटीवर लिहून विचारतात, "वाजवतोस न्हवं?" मी व्हय म्हणतो. वाजवत नाही. आप्पांनी खोली काढून घेतली नाही, कुठूनतरी त्यांनी बेसही आणून दिला दुसरा, पण मी हात लावत नाही त्याला. आक्कांना खरं सांगायला तोंड उघडतो आणि माझाच आवाज निघत नाही.

दुकानातल्या मिस्त्रीने पक्कड लावून बघितली. "जाम झालीय. तार कापू, दोन मिनिटांचं काम," म्हणाला. मी गिटार त्याच्या हातातून ओढून घेतली. ताणून धरलेली तार कापली तर तिकडे काय होईल, हे त्याला कुठे माहीत? मला तरी कुठे माहीत?

यंदाच्या पावसात तारेला गंज धरायला लागलाय. एक दिवस ती आपणहून तुटेल. म्हणून आता रोज सकाळी सातला मी एवढंच करतो... फडक्याला तेल लावतो आणि तार पुसतो. हळूच, वाजू न देता.