कार्बनचा पाव फेरा

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही, आणि ती मात्र चारचौघांत ठासून सांगते की ह्यांच्या पोटात काही राहत नाही. राहिलं ना. पन्नासहून जास्त वर्षं राहिलं. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच एक कारण सापडतं, आणि तेही फारसं पटत नाही.

तसं पाहिलं तर गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. श्रीगोंद्याकडच्या आमच्या साखर कारखान्यात त्या काळी काम केलेल्या कुणालाही विचारा. दत्तू मिस्त्रीनं, म्हणजे मी, मोळीच्या दिवशी ड्रिल मशीन कसं चालू केलं, हे तो तुम्हाला हातवारे करून दाखवेल. मी स्वतः ती शेकडो वेळा सांगितली आहे. माझ्या निरोपसमारंभात सांगितली तेव्हा टाळ्या थांबेनात. आणि मी सांगत आलो त्यातला शब्दन् शब्द खरा आहे, बरं का. फक्त सुरुवात मी गाळत आलो.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी चोवीस वर्षांचा, नगरला आयटीआय करून आलेला, केसांना तेल चोपडून वर्कशॉपमध्ये ऐटीत फिरणारा. आमच्या मोटार सेक्शनला, म्हणजे विजेच्या मोटारी दुरुस्त करायच्या खात्याला, कामाची माणसं दोनच – शब्बीरभाई आणि मी. शब्बीरभाई चाळिशीचे, अंगानं किडकिडीत, बोलायला कमी. त्यांच्याकडे कसला कागद नव्हता. पण चालत्या मोटारीला हात लावून ते आतलं दुखणं सांगायचे आणि मोटार उघडली की तेच निघायचं. मला जे येतं त्यातलं निम्म्याहून जास्त त्यांनी शिकवलं. उरलेलं मी त्यांचं बघून उचललं.

सेक्शनचे मोठे मिस्त्री दिवाळीनंतर निवृत्त होणार होते. त्यांची जागा आमच्या दोघांपैकी एकाला मिळणार होती. मला ती हवी होती. किती हवी होती म्हणून सांगू? सकाळी दात घासतानाही मी तिचाच विचार करायचो.

हंगामाची सुरुवात म्हणजे गव्हाणीत पहिली मोळी टाकायची. गव्हाण म्हणजे ऊस टाकायचा लांबलचक हौद. त्यातल्या साखळीवरून ऊस सरकत आत जातो. पूजा होते, नारळ फुटतो, गावोगावची माणसं येतात. त्या वर्षी मोळीला दोन दिवस उरलेले असताना गव्हाणीच्या एका बाजूची पट्टी सैल निघाली. जाड लोखंडात, जागेवर उभं राहून आठ भोकं पाडायची होती. तिथवर उचलून नेता येईल असं विजेचं ड्रिल मशीन कारखान्यात एकच, आणि नेमकं तेव्हाच ते निळा जाळ फेकायला लागलं आणि दमायला लागलं.

शब्बीरभाईंनी बाजूची टोपणं उघडली आणि म्हणाले, "कार्बन संपल्यात. दुसरं काय न्हाई."

आत फिरणाऱ्या तांब्याच्या गोलाला दोन्ही बाजूंनी कार्बनचे दोन चौकोनी तुकडे टेकलेले असतात, मागून स्प्रिंगनं दाबलेले. वीज त्यांतूनच आत जाते. ते झिजून झिजून हरभऱ्याच्या डाळीएवढे उरले होते. नवे मुंबईहून येणार, म्हणजे मोळी होऊन गेल्यावर. शब्बीरभाईंनी भंगारातल्या एका मोठ्या मोटारीचा जाडजूड कार्बन काढला, तो कापला आणि कानशीनं घासायला बसले. दीड दिवस. तुम्ही कधी कार्बन घासलाय? जरा जोर झाला की कोपरा तुटतो आणि पहिल्यापासून सुरुवात. नाकात, कानात, नखांत काळी भुकटी. तुकडे मापाला आले तेव्हा त्यांनी मशीन उघडलं, तांब्याच्या गोलावर पॉलिश पेपर गुंडाळला आणि गोल मागेपुढे फिरवत कार्बनचं तोंड त्याच्या गोलाईबरहुकूम खोलगट करून घेतलं.

"नुसता बसवून भागत न्हाई, दत्तू. त्याला त्याची जागा वळखू द्यायची."

मग प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर, वरच्या कडेला, करवतीनं एक बारीक रेघ ओढली. रेघ कायम वर ठेवायची. तुकडा चौकोनी असल्यामुळे तो चारही बाजूंनी बसतो, पण खोलगट तोंड एकाच बाजूनं जुळतं. पाव फेरा फिरला तर तो नुसत्या दोन कडांवर टेकतो, आणि मग जाळच जाळ.

मोळीच्या दिवशी सकाळी त्यांनी मशीन टेबलावर चालवून बघितलं. सुरेख चाललं. भुकटी झाडायला कार्बन एकदा बाहेर काढले, पुसले, परत बसवले, टोपणं आवळली. तेवढ्यात चीफ इंजिनिअर डोकावले आणि म्हणाले, "शब्बीरभाई, दुपारी ही आठ भोकं पडली की मोठ्या मिस्त्रींची जागा तुमची. मी चेअरमनसाहेबांशी बोललोय."

शब्बीरभाई हसले. माझ्याकडे बघूनच हसले, जसा काही मलाही आनंद होणार होता.

जेवणाची सुट्टी झाली. ते डबा घेऊन लिंबाखाली गेले आणि तिथूनच हाक मारली, "दत्तू, ये लवकर. कालवण गार व्हतंय." त्यांच्या डब्यातलं अर्धं कालवण रोज माझं असायचं. "आलो, भाई," म्हणालो. आणि – आता इथवर आलोच आहे तर सांगतो – टेबलावरचा स्क्रू ड्रायव्हर घेतला, दोन्ही टोपणं उघडली, दोन्ही कार्बन बाहेर काढले आणि पाव फेरा फिरवून परत बसवले. दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. हात धुतले, लिंबाखाली गेलो आणि पोटभर जेवलो. घास अडकला का? नाही. कालवण छान झालं होतं.

दुपारी गव्हाणीजवळ ही गर्दी. चेअरमन, संचालक, पागोटेवाले शेतकरी, मोळी खांद्यावर घेऊन उभा असलेला मानकरी. शब्बीरभाईंनी पट्टीला मशीन टेकवलं आणि बटण दाबलं. दोन्ही बाजूंनी निळा जाळ भसकन बाहेर आला. जळका वास सुटला, मशीन कण्हलं, टोक लोखंडावर नुसतं घासत राहिलं. त्यांनी बंद केलं, परत लावलं, परत तेच. मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यो घरगुती कार्बन हाय व्हय?" आणि लोक हसले. शब्बीरभाईंचा चेहरा राखेसारखा झाला. चीफ इंजिनिअर घड्याळ बघायला लागले.

तेव्हा मी पुढे झालो. "बघू, भाई," म्हणून मशीन त्यांच्या हातातून घेतलं. टोपण उघडलं, कार्बन चिमटीत धरून उजेडात फिरवला, कपाळाला आठ्या घातल्या. घाई अजिबात केली नाही. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "रेघ फिरलीय, भाई. तुमी पाव फेरा चुकला."

दोन्ही रेघा वर केल्या, टोपणं आवळली, मशीन पट्टीला टेकवलं आणि बटण दाबलं.

काय आवाज होता तो! जाळ नाही, धूर नाही. लोखंडाचा कीस वेटोळी घेत माझ्या पायांवर पडत होता. एक भोक झालं, दुसरं झालं, आठवं झालं तेव्हा लोक शिट्ट्या मारत होते. पट्टी आवळली, साखळी फिरली, नारळ फुटला, मोळी धाडकन गव्हाणीत पडली आणि हलगी कडाडली. चेअरमननी त्यांच्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला. चोवीस वर्षांचा होतो हो मी. लोकांनी मला उचलून घेतलं होतं आणि वरून मला सगळा कारखाना दिसत होता. खरं सांगायला बसलोय तर हेही खरंच सांगतो – त्या दिवशी माझ्यासारखा सुखी माणूस जिल्ह्यात नसेल. आजही तो आवाज आठवला की छाती फुगते. फुगायला नको, हे कळतं. पण फुगते.

जागा मला मिळाली. पुढं बत्तीस वर्षं मी त्या खुर्चीत बसलो आणि चांगलं काम केलं. माझ्या हाताखाली एक हंगाम मोटारीपायी अडला नाही. हे बढाई म्हणून सांगतोय का? हो, बढाई म्हणूनच.

पण शब्बीरभाई त्या दिवसापासून वेगळेच झाले. त्यांनी जराही तक्रार केली नाही, आणि माझा संशय तर त्यांना चुकूनही आला नाही. संशय आला तो स्वतःचा. कार्बन बसवले की दोनदा, तीनदा, चारदा टोपण उघडून रेघ बघायचे. मग मशीन उचलून माझ्याकडे आणायचे. "दत्तू, जरा बघ की. रेघ वरच हाय न्हवं?" रेघ नेहमी वरच असायची. मी बघायचो, थोडा वेळ घ्यायचो आणि मान हलवायचो. तो थोडा वेळ घेणं मला आवडायचं.

संक्रांतीच्या सुमाराला ते सुट्टी काढून डोळे दाखवायला नगरला गेले. परत आल्यावर सरळ सेक्शनमध्ये आले. मी टेबलाशी उभा होतो.

"डॉक्टर म्हनतो नजर एकदम साफ हाय," ते म्हणाले. "चष्मा बी लागत न्हाई म्हनला. मग मला त्या दिवशी रेघ कशी दिसली न्हाई?"

त्यांनी मला विचारलं होतं. खरोखरच विचारलं होतं, आणि उत्तराची वाट बघत उभे होते. सेक्शनमध्ये तेव्हा आम्ही दोघंच होतो. दार लोटलेलं होतं. तिथं सांगून टाकणं किती सोपं होतं?

मी म्हणालो, "डॉक्टरला मोटारीतलं काय कळतंय, भाई? बारीक काम येगळं असतं. वयानं व्हतं असं."

ते स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाले, "व्हय. तसंच आसंल." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः अर्ज दिला आणि स्टोअरला बदली मागून घेतली. निवृत्त होईपर्यंत ते तिथं नटबोल्ट मोजून देत राहिले. मोटारीला त्यांनी परत हात लावला नाही. त्या अर्जावर सेक्शनचा मिस्त्री म्हणून शिफारस लागत होती. मी लिहिलं, 'नजर अधू झाल्याने विनंती मान्य करावी', आणि खाली सही केली.