तेलमावशीची सायकल

ये गं सुमे, अशी जवळ बस. फोनवर "आत्या, बरी आहेस का" विचारलं की संपलं तुझं कर्तव्य, होय ना? तेलमावशी आठवते का? आपल्या नदीकाठच्या गल्लीत ब्लाउज शिवायची. अंगाला कायम शिलाई मशीनच्या तेलाचा वास, म्हणून ते नाव पडलं.

तिचा नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एक दिवस सायकल घरात ठेवून एसटीनं जयसिंगपूरला गेला, तो परतलाच नाही. पोलीस झाले, देवऋषी झाले. मावशीनं कुंकू काही सोडलं नाही. म्हणायची, "सायकलीला गंज न्हाय, तवर त्ये जित्ते हाईत."

सायकलीला हात लावायच्या आधी मावशी राखेनं हात धुणार, कोरडे पुसणार, मग तेलाची चिंधी. मी एकदा सहज हँडलला हात लावला तर केवढ्यानं ओरडली, "ए भवाने, हात पूस! घाम म्हंजे गंजाचं बी!" आमचे हे चिडवायचे, "मावशी, काका आले तर तेल आधी कुणाला?" "त्यास्नी आधी घासायला लागंल की!" म्हणून स्वतःच खदखदून हसायची.

दोन हजार पाचच्या पुरात ती बहिणीकडं गारगोटीला अडकली. तिचं घर कौलापर्यंत पाण्यात. सगळ्या गल्लीला घोर एकच, सायकलीचा. पाणी ओसरल्यावर ती आली तेव्हा मी आणि हे सोबत गेलो. कुलूप गंजून दगड झालेलं. ह्यांनी हातोडीनं फोडलं. आत गुडघाभर गाळ. मशीन लाल, ट्रंक लाल. आणि भिंतीला सायकल, लख्ख. चाकांनासुद्धा चिखल नाही. चेनवरून तेलाचा थेंब ओघळत होता.

मी आनंदानं ओरडले, "मावशी, गंज न्हाय! काका हाईत की!"

ती फुटलेलं कुलूप हातात घेऊन बघत होती. हळूच म्हणाली, "कुलूप माझ्या हातचं, तसंच हुतं, अक्का. जित्ता माणूस दारातनं आला असता."

मग सायकलीकडं बघून, "आलतासा, न्हवं? वाईच थांबायचं तरी." आणि पदरानं कपाळावरचं कुंकू पुसलं.

त्यानंतर ती गारगोटीलाच राहिली, तिथंच गेली. सायकल माझ्याकडंच सोडून गेली, पुढच्या सोप्यात आहे. मी चिंधी लावत नाही, हातही लावत नाही. तरी अजून डाग नाही. ह्यांच्या माघारी घरात मी एकटीच. सकाळी चेनला तेलाची ओल दिसली की दिवसभर तिकडं पाठ करवत नाही.

आता निघालीस, पण लवकर ये गं पुन्हा. मुक्कामाला ये.