वाट दहा पावलं मागे

नदीकाठच्या बागेत तिची एकोणीस वर्षं गेली; आधी माळीण, मग मुकादम. सगळे तिला मुकादमबाईच म्हणत. बोलणं मोजकं, पण एकदा नाही म्हणाली की काळ्या दगडावरची रेघ.

एका उन्हाळ्याच्या तोंडावर खंड्यानं काठाच्या मातीत बीळ कोरून घरटं केलं, नेमकं फिरायच्या वाटेखाली. वरून माणसं चालली की माती झडायची आणि पक्षी चोचीत मासा धरून समोरच्या फांदीवर ताटकळत बसायचा. बाईंनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी दोन्ही टोकांना दोर बांधून पाटी लावली: वाट दीड महिना बंद, टेकाडावरून जावे.

सकाळी फिरायला येणाऱ्यांचं पित्त खवळलं. कचेरीत तक्रारीचा अर्ज गेला. त्यावर पहिली सही तिच्या सासऱ्यांची!

संध्याकाळी त्यांच्यापुढे चहा ठेवत ती म्हणाली, "मामंजी, मला आधी सांगायचंत तरी."

"घरी तू सून. बागेत तू सरकार. सरकारला अर्जच करतात."

"पिल्लं उडाली की लगेच सोडते वाट."

"अगं, त्या पाखराला पंख आहेत. मला ही काठी. टेकाडाला चौदा पायऱ्या आहेत, मोजल्यात मी."

इतक्या वर्षांत तिनं त्या कधी मोजल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी खुरपणी थांबवून तिनं सगळ्या माळ्यांना टेकाडावर नेलं. चार दिवसांत पायऱ्यांशेजारी मुरमाचा उतार झाला, धरायला बांबूचा कठडा. मामंजी आठवडाभर रुसून अंगणातच येरझाऱ्या घालत होते. मग एका सकाळी उताराशी दिसले. कठडा हलवून पाहिला आणि वर गेले.

पिल्लं किती होती कोण जाणे. बाहेर आलेली तिनं दोनच पाहिली. मग दोर सोडला.

पावसाळ्यात नदीनं तो काठ बिळासकट नेला, वाटेची कडही नेली. वाट कायमची दहा पावलं मागे घ्यावी, असं तिनं कचेरीला लिहिलं. साहेब म्हणाले, "पाहू." पाहण्यात दोन वर्षं गेली, पण वाट हलली.

तोवर मामंजी चाकांच्या खुर्चीत आले होते. सुट्टीच्या दिवशी ती त्यांना नव्या वाटेवरून फिरवून आणी. नदीपाशी आलं की ते खुर्ची उलटी लावायला सांगत. पाण्यावरचं ऊन त्यांच्या डोळ्यांना खुपे.