खिडकीखालची टकटक

दुसऱ्या खेपेला मला भुताने धरलं होतं, आणि त्या भुताला रोज दुपारी खाऊ मीच घालत होते.

साल सांगत नाही (वय कळतं!), पण रावेरला तेव्हा घरोघरी रंगीत टीव्ही यायचा होता. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात माझं प्रेशर वाढलं, झटके आले आणि बाळ गेलं. नंतर वर्षभर मी कुणाच्या बारशाला गेले नाही. म्हणून या वेळी जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं, "प्रेशर वाढू नये म्हणून कॅल्शियम घ्यायचं. एकही गोळी चुकवायची नाही."

सासूबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या, पण डॉक्टरीणबाईंचा शब्द त्यांना देवाच्या कौलासारखा. जेवण झालं की खडूच्या तुकड्याएवढी पांढरी गोळी माझ्या हातावर. "घे व माय, गिळ!"

मी मात्र बी.ए. (दुसरा वर्ग!). बोदवडच्या मावशीने माझ्या कानात सांगितलं होतं, "या गोळ्यांचा चुना बाळाच्या डोक्यावर चढतो. डोकं दगड होतं. मग बाळ बाहेर कसं यायचं?" एवढं शास्त्रीय कारण ऐकल्यावर मी काय करणार! गोळी गालात दाबायची आणि सासूबाई वळल्या की मागच्या खिडकीतून भिरकावायची.

आठवडाभराने टकटक सुरू झाली.

भर दुपार. गल्लीत चिटपाखरू नाही. मागे केळीची बाग, तिच्यात दिवसाही अंधार. वारा पडलेला, तरी एखादंच पान हलायचं. मी आडवी झाले की खिडकीखालून आवाज यायचा... टक्. टक्. टक्. मग शांत. मग पुन्हा टक्! डोकावून बघायची हिंमत होत नव्हती. पहिलं बाळ नेणारं भूत परत आलंय, याही बाळाला न्यायला, असंच मला वाटायचं. मी पोटावर हात ठेवून रामरक्षा म्हणायचे, तर टकटक तिच्याच तालावर चालायची!

एक दिवस शेजारच्या हमीदाआपा हातात अंडं घेऊन धावत आल्या.

"भाभी, ये देखो! चार दिन से अंडा फूटताच नहीं! किसीने करणी की है!"

त्यांनी ते आमच्या उंबऱ्यावर आपटलं. ठण्ण! साधा टवकाही उडाला नाही.

कवच फुटत नाही, मग आतलं पिल्लू बाहेर कसं यायचं? मी मटकन खाली बसले. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

"पाय दाखव," सासूबाई म्हणाल्या. पाय सुजले होते, पहिल्या खेपेसारखेच. त्यांचा चेहरा उतरला. "रोज त्या पांढऱ्या गोया घेऊनबी?"

तेवढ्यात खिडकीखाली टक्. टक्.

"आई, तिकडे जाऊ नका, भूत आहे!" मी किंचाळले.

त्या गेल्याच. खिडकीतून खाली वाकल्या. खिडकीला लागूनच असलेल्या आपांच्या खुराड्याच्या पत्र्यावर लाल कोंबडी उभी होती, आणि तिच्या चोचीत अर्धी पांढरी गोळी.

सासूबाई वळल्या. "हे भूत काहाले पोसलं व तू?"

मी मावशीचं सगळं सांगून टाकलं.

तासाभरात आम्ही जीपने जळगावला निघालो. मी वाटभर रडले. तिथे मोजलं तर प्रेशर चांगलंच चढलं होतं. भुताला नाही घाबरले एवढी मी त्या पाऱ्याच्या पट्टीला घाबरले. वाटभर रडले. महिनाभर दवाखान्यात काढला, आणि शेवटी पोरगी झाली. रडणं अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं, डोकं लोण्यासारखं मऊ. सासूबाईंनी ते तीनदा चाचपून पाहिलं, मग पदराने डोळे पुसले.

घरी आले तर मागच्या खिडकीला बारीक जाळी ठोकलेली. लोक जाळी लावतात ती मांजर आत येऊ नये म्हणून. आमच्याकडे लावली, कारण सून बी.ए. होती.