चेटकिणीचा बाण

आमच्या घरमालकीणबाईंना दुखणं सांगितलं, की औषधाआधी त्या विचारायच्या, “तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?” अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी आणि नागपूरची मुग्धा राहत होतो. बाई मूळच्या फिनलंडच्या, निवृत्त नर्स. मुग्धाने पहिल्याच आठवड्यात त्यांना ‘मावशी’ करून टाकलं आणि त्यांनाही ते आवडलं.

शब्द उकलून दाखवण्याचा मावशींना नाद होता. फिनिशमध्ये न्यूमोनिया म्हणजे ‘फुप्फुसांचा ताप’, डायबेटिस म्हणजे ‘साखररोग’. “पेशंटला नाव समजलं की निम्मी भीती जाते,” त्या म्हणायच्या. मी इंग्रजी शाळेतली. आजारांची मराठी नावं मला कॉलिंग कार्डवरून आईला विचारावी लागत. मावशींना घाई नसे.

एका मे महिन्यात त्या फिनलंडला बहिणीला भेटायला निघाल्या. बहीण खूप थकली होती, आणि ही भेट आधी एकदा रद्द झाली होती. निघायच्या सकाळी बॅग उचलायला मावशी वाकल्या आणि तशाच राहिल्या. आम्ही त्यांना गोळी दिली, गालिच्यावर पालथं झोपवलं.

“नोइदाननुओली,” त्या कण्हत म्हणाल्या. “नोइता म्हणजे चेटकीण, नुओली म्हणजे बाण. पूर्वी लोकांना वाटायचं, चेटकीणच लांबून मारते. आमचे डॉक्टर अजून हाच शब्द वापरतात. तुमच्याकडे?”

“उसण.” हा एक मला येत होता.

“आणि उपाय?”

मी गोळ्यांची पट्टी आवरायला लागले.

“सांग ना यार,” मुग्धा म्हणाली. “मावशी, ही पायाळू आहे. जन्मताना पाय आधी बाहेर आले. अशा माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते.”

शाळेत ही गोष्ट मी कुणाला कळू दिली नव्हती; मुग्धाला तेवढी सांगितली होती. मावशी मात्र जमिनीकडे बघत हसल्या. “मी आयुष्यभर अशी बाळं सरळ करायला धडपडले. त्यांचा काही उपयोग असतो हे कुणी बोललं नाही. लाव पाय.”

“मोठ्यांना पाय लावत नाहीत.”

“मग आधी माफी माग. माझं विमान आहे.”

मी नमस्कार केला, मोजा काढला आणि त्यांच्या कमरेवर पाऊल अलगद टेकवलं. गोळीचाही गुण असेल. थोड्या वेळाने त्या आमच्या खांद्यांना धरून उभ्या राहिल्या. “बाण आत आहे, पण सैल झालाय.” मुग्धाने त्यांना एअरपोर्टला सोडलं.

पोचल्यावर त्यांचा फोन आला. “बहीण विचारतेय, तुझा पाय गुडघ्यांना चालतो का?”

“नाही. फक्त पाठीला.”

पलीकडे दोघी काहीतरी बोलल्या, हसल्या.

“मग हिची पाठ धरेपर्यंत मी इथेच थांबते; धरली की तुझ्याकडे घेऊन येते,” मावशी म्हणाल्या.

आणि त्या थांबल्याच.