स्वेटरखालचा पुरावा कायदा

चोरी करताना माणूस पकडला जातो, हे तुम्ही ऐकलं असेल. पण चोरीचा माल गुपचूप जागेवर ठेवायला गेलेला माणूस पकडला गेलेला पाहिलाय कधी? नाही ना? मग माझ्याकडे नीट पाहून घ्या. चहा निवू देऊ नका, आणि हसायचं असेल तर माझं सांगून झाल्यावर हसा.

मी कसा माणूस आहे, ते आधी कळायला हवं. सौंसरच्या एका सरकारी कार्यालयात मी आवक-जावक बाबू. आलेल्या कागदावर शिक्का, जाणाऱ्या कागदावर शिक्का. सगळी नोकरी यातच गेली. पण दुसऱ्या कोणाचा शिक्का दिसला की माझे हातपाय गार पडतात. पोलिसाची गाडी जवळून गेली तर मी डोक्यावरचं हेल्मेट चाचपतो. पायी चालत असलो तरी!

शालिनी, माझी बायको, अगदी उलट. रामाकोन्याच्या शाळेत शिकवायची. पन्नाशी उलटल्यावर स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि पांढुर्ण्याच्या एका विधी महाविद्यालयात नाव घातलं. वकिलीसाठी!

"हे आता कायले?" मी विचारलं.

"तुमच्यासाठी," ती म्हणाली. "इतका भित्रा माणूस घरात असला तं वकील घरचाच पाहिजे."

दोन वर्षं ती चांगल्या मार्कांनी पास झाली. तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरला, आणि पेपर यायच्या आधीच ती गेली. त्याबद्दल आज बोलत नाही.

सहा-सात महिन्यांनी महाविद्यालयाचं पत्र आलं. शालिनीचे मूळ कागद त्यांच्याकडे जमा होते. ते मिळायला ग्रंथालयाचं अदेय प्रमाणपत्र हवं, म्हणजे "यांच्याकडे आमचं एकही पुस्तक बाकी नाही" असा दाखला. साधं पत्र होतं. पण 'बाकी नाही' हे शब्द मी चारदा वाचले. असेल काही बाकी तर?

तिचं कपाट मी तोवर उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. वह्या, पेनं, एक शाल. आणि सगळ्यात खाली, विटेएवढा जाड हिंदी ग्रंथ. पुरावा कायद्यावरचा. आमच्याकडे कायदा हिंदीतच शिकवतात. पहिलं पान उघडलं तर लालभडक शिक्का: 'संदर्भ ग्रंथ. बाहर ले जाना मना है.'

मी पुस्तक मिटलं. खिडकी लावली. मग दारही लावलं.

शेजारी रामभाऊ राहतात, संत्र्याचे व्यापारी. कधीकाळी एकदा कोर्टात साक्ष देऊन आले, तेव्हापासून गल्लीतले निम्मे वकील तेच. मी त्यांना बोलावून पुस्तक दाखवलं. माझी पहिली चूक ही.

"बाबू," ते हळूच म्हणाले, "हे तं भारी झालं."

"काय भारी?"

"शिक्क्याचा माल हाय जी. ज्याच्या घरात सापडला, तो पहिला आरोपी."

"अहो, पण मी ते उघडूनही वाचलं नाही!"

"चोरलेली कोंबडी खाल्ली नाही म्हणून सोडतात का कोणाले?"

"आणि शालिनी?"

रामभाऊंनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "वहिनीचं नाव येईनच न बावा. पुस्तक न देणाऱ्याचं नाव कॉलेजात पाटीवर लावतात म्हणे."

माझी अटक मी एक वेळ सोसली असती. पण तिचं नाव? शाळेतून येताना पर्समध्ये खडूचा तुकडा राहिला तर दुसऱ्या दिवशी तो आठवणीनं परत नेणारी बाई ती. तिचं नाव पाटीवर लागणार, आणि 'असं नाही' म्हणायला ती नसणार. त्या विचारानं मला दोन घास जाईनात.

उघड जाऊन परत करावं, तर विचारणार: बाहेर आलं कसं? याचं उत्तर जिच्याकडे होतं तिलाच विचारता येत नव्हतं. मग एकच मार्ग. पुस्तक लपवून आत न्यायचं, कपाटात ठेवायचं, दाखला घ्यायचा आणि निघायचं. कोणाला कळणार?

शनिवारी सकाळी मी पुस्तक पोटावर ठेवलं, मफलरनं घट्ट बांधलं, वरून शालिनीनं विणलेला ढगळा स्वेटर घातला आणि पांढुर्ण्याची बस धरली. मोहगावला एक होमगार्ड चढला. सगळी बस सोडून माझ्याच शेजारी बसला! मी इतका ताठ बसलो की त्यानं विचारलं, "पाठ धरली का काकाजी?" मी मान हलवली. पांढुर्णा येईपर्यंत तो मला पाठीवरचे उपाय सांगत होता आणि मी मनातल्या मनात जामीनदार शोधत होतो.

ग्रंथालयाच्या दारात नियमांची पाटी. आम्ही कार्यालयातली माणसं पाटी अर्धी वाचून सोडत नाही. पिशवी बाहेर ठेवावी. शांतता पाळावी. पुस्तकात लिहू नये. संदर्भ ग्रंथ बाहेर नेऊ नये. खाजगी छापील पुस्तक दाखवल्याशिवाय आत आणू नये. शेवटच्या दोन नियमांमध्ये मी पोटासकट अडकलो होतो. हे पुस्तक खाजगी म्हणावं तर शेवटचा नियम मोडतो, ग्रंथालयाचं म्हणावं तर त्याच्या आधीचा!

दाराशी तुळशीराम नावाचा शिपाई बसला होता. त्यानं माझी पिशवी घेतली आणि त्याची नजर पोटावर थांबली. पोट माणसाचं असतं तसं गोल नव्हतं. चौकोनी होतं.

"काकाजी, पोटाले काय झालं?"

"पट्टा," मी म्हणालो. "हर्निया."

"अरे देवा! मंग उभे कायले राहून राहिले जी? बसा, बसा!"

ही दुसरी चूक. पाहा, मला जायचं होतं मागच्या कपाटांकडे. पण तुळशीरामच्या सासऱ्यालाही हर्निया होता. त्यानं मला खांद्याला धरून पहिल्याच खुर्चीवर बसवलं, पाणी आणलं आणि समोरच उभा राहिला.

"मला जरा कपाटं बघायची होती," मी म्हणालो.

"हलू नका. कोणतं पुस्तक पाहिजे ते सांगा, मी आणून देतो."

"आणायचं नाही हो, मला—" एवढं बोलून मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. काय सांगणार? ठेवायचं आहे?

बसल्यामुळे पुस्तक वर सरकलं. एक कोपरा हनुवटीखाली आला. मी मान वर केली तर तुळशीराम घाबरला. "श्वास अडकला का जी? मॅडम! ओ मॅडम!"

ग्रंथपाल ढोबळे मॅडम लगबगीनं आल्या. वाचनकक्षातल्या पोरापोरींनी माना वळवल्या. मी घाईनं उठलो. बस, तेवढंच निमित्त झालं. मफलर सुटला, आणि पुरावा कायदा स्वेटरखालून सटकून फरशीवर पडला.

धप्प!

शांतता पाळावी असं लिहिलेल्या खोलीत हजार पानांचं पुस्तक पडलं की कसा आवाज होतो, तो एकदा ऐकायला हवा. पंख्याची घरघरसुद्धा थांबल्यासारखी वाटली.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

डोळ्यांसमोर पाटी आली. पाटीवर तिचं नाव. आणि तोंडून निघून गेलं, "दान!"

"दान?"

"ग्रंथालयाला. माझ्या बायकोच्या आठवणीसाठी. ती इथंच शिकायची. शालिनी."

मॅडमचा चेहराच बदलला. "शालिनीताईंचे तुम्ही? अहो, मग पोटाशी बांधून कशाला आणलं?"

"जपून," मी म्हणालो.

तुळशीरामनं डोळे पुसले. वाचनकक्षातली मुलं उठून उभी राहिली. टाळ्या वाजवायला मनाई, म्हणून त्यांनी नुसते हात वर करून हलवले. मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

मॅडमनी लगेच दानपत्राचा फॉर्म काढला. 'दिलेला ग्रंथ कोणत्याही कारणाने परत मागणार नाही.' मी सही केली. का नाही करणार? मला तर ते पुस्तक जन्मात पुन्हा पाहायचं नव्हतं! मॅडमनी रजिस्टरमध्ये नोंद केली, नंबर टाकला, आणि शिक्का मारायला पहिलं पान उघडलं.

तिथं त्यांचाच लाल शिक्का होता.

हे माझ्या लक्षात कसं आलं नाही, विचारू नका. भीतीत माणूस एकाच पावलाचा विचार करतो, दुसऱ्याचा नाही.

"अरे, हे तर आमचंच..." मॅडम म्हणाल्या.

"मी चोरलं!" मी ओरडलो.

"तुम्ही?"

"मीच. तिचा काही संबंध नाही. तिचं नाव पाटीवर लावू नका."

"तुम्ही कधी आला होता इथं?"

"आज," मी म्हणालो. "पहिल्यांदाच."

तुळशीरामनं पाण्याचा ग्लास पुन्हा भरला. मग मॅडमनी पुस्तक उलटं केलं आणि शेवटचं पान उघडून माझ्यासमोर धरलं.

तिथं जांभळा शिक्का होता: 'निरस्त.' खाली मॅडमची सही.

"मागे कायदे बदलले ना सर, तेव्हा जुन्या पुरावा कायद्याची एक प्रत आम्ही ठेवली आणि जास्तीच्या प्रती निरस्त करून मुलांना वाटून टाकल्या. ही ताईंनी मागून घेतली होती. त्यांचीच होती ही."

मित्रहो, माझी सगळी नोकरी शिक्क्यांत गेली. रद्द केल्याचा शिक्का शेवटच्या पानावर असतो, हे मी नव्या बाबूंना पहिल्या दिवशी शिकवतो. 'शेवटचं पान पाहिल्याशिवाय कागद घेऊ नका,' हे वाक्य माझ्याच टेबलावर काचेखाली आहे. माझ्याच अक्षरात!

पण ते सोडा. जांभळ्या शिक्क्याखाली पेन्सिलीनं दोन ओळी होत्या. तिच्या अक्षरात.

'ह्यांना आधी हे पान दाखवायचं. नाहीतर घाबरतील.'

मी त्या दोन-तीनदा वाचल्या. मग चष्मा काढून पुसला. दाखवायचं राहून गेलं होतं, एवढंच.

मॅडमनी मधलं एक पान उघडून दिलं. समासात जिकडेतिकडे तिची पेन्सिल. धाक दाखवून घेतलेला कबुलीजबाब ग्राह्य नाही, असं जिथं कलम होतं, तिथं तिनं लिहिलं होतं: 'आमच्या ह्यांना धाकही लागत नाही. नुसतं पाहिलं तरी कबूल!' पुढं कुठं साक्षीदार गडबडून उलटसुलट बोलतो असा मजकूर. त्याच्याशेजारी: 'उदा. हे, भाजीवालीसमोर.'

आणि हे सगळं मी पाच मिनिटांपूर्वी सही करून देऊन टाकलं होतं.

"मॅडम," मी म्हणालो, "हे परत मिळेल का?"

"नोंद झाली हो सर. आता समिती बसली तरच निघेल, आणि समिती वर्षातून एकदा बसते. शिवाय आमची ठेवलेली प्रत वाळवीनं खाल्ली. जुन्या केसेससाठी पोरं रोज हेच मागून राहिली आहेत. ताई सांगायच्या, तुम्ही तर रजिस्टरवाले माणूस. तुम्हीच सांगा."

'एकदा चढलं की चढलं' असं आमच्या खिडकीवर लोकांना मीच सांगत आलोय. तरी एक प्रयत्न केला.

"मी ते दान भीतीपोटी केलं. इथं लिहिलंय बघा, धाकानं दिलेलं ग्राह्य नाही म्हणून."

मॅडम पहिल्यांदा हसल्या. "ते कलम कबुलीचं आहे सर. दानाला लागत नाही. आणि त्याचा नंबरही आता बदलला."

शालिनीनंही हेच उत्तर दिलं असतं. अगदी याच सुरात.

तर असं. मला शालिनीचे मूळ कागद मिळाले, अदेय प्रमाणपत्र मिळालं, आणि मॅडमनी एक वाचक कार्डही बनवून दिलं. दर शनिवारी मी पांढुर्ण्याला जातो. पुस्तक मागतो, खिडकीजवळ बसतो, दोन-तीन पानं वाचतो. जास्त वाचत नाही. पानं संपायला नकोत.

पण अडचण अशी की ते मी एकटाच वाचत नाही. मागच्या महिन्यात मी पोचलो तर पुस्तक एका मुलीच्या हातात होतं. तोंडावर ओढणी दाबून ती हसत होती. मी समोर बसून वाट पाहत होतो. तिनं वर पाहिलं, पुन्हा पानाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे.

"काकाजी," ती हळूच म्हणाली, "यातले 'हे' तुम्हीच का?"

आणि मी काय केलं असेल? तिनं नुसतं पाहिलं होतं. मी कबूल झालो.

आता परीक्षेच्या दिवसांत पुस्तक हातोहात फिरतं, आणि सगळं महाविद्यालय मला ओळखतं. भाजीवालीच्या किश्श्यासकट. माझ्या भित्रेपणाचा एवढा जाड पुरावा माझ्याच सहीनं सरकारजमा झालाय, पहिल्या पानावर नवा लाल शिक्का आहे, आणि यावेळी मी शेवटचं पानही पाहिलं. 'निरस्त'वर मॅडमनी रेघ मारलीय. तिच्या दोन ओळी मात्र तशाच ठेवल्यात.

कधी कधी वाटतं, एखाद्या शनिवारी ते खरंच चोरावं. पण जमायचं नाही. मी निघालो की तुळशीराम माझी पिशवी उघडूनही पाहत नाही. "या काकाजी," म्हणतो, आणि सगळ्यांसमोर आधी माझं पोट दाबून पाहतो.