भिंतीवरचा करार

गिऱ्हाईक "जरा हेही करून टाका" म्हणालं, की पेंटरकाका ब्रश धुवायला घ्यायचे. त्यातला "जरा" त्यांना लांबूनच ऐकू येई.

मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटचं रंगकाम त्यांच्याकडे होतं. डबे उघडण्याआधी त्यांनी बेडरूमच्या भिंतीवर पेन्सिलीनं सगळं लिहून काढलं: खोल्या किती, रंगाचे हात किती, मजुरी काय. खाली सही केली आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली. तेवढी जागा ते सगळ्यात शेवटी रंगवत. कागद हरवतो, भिंत कुठं जाते, असं त्यांचं म्हणणं.

चौथ्या दिवशी मीच म्हणाले, "काका, जरा बाल्कनीही त्यातच घ्या ना." ते शिडीवरून उतरले, ब्रश धुतला आणि त्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. मला रागच आला. एवढ्याशा बाल्कनीसाठी केवढा कायदा!

"मी 'नाही' म्हनून नाही राहिलो, ताई," ते म्हणाले. "पैले लिवू, मंग रंगवू. हात चालू ठेवला का लोक म्हनतेत, तुम्हाले तर मंजूर होतं."

मी बाल्कनीची नवी ओळ लिहून सही केली.

मी घरी बसून अनुवाद करते. सदर भागातली एक कंपनी हे माझं एकमेव मोठं गिऱ्हाईक. त्याच आठवड्यात त्यांची मेल आली: हातातल्या पुस्तिकेपासूनच नव्या अटी; दुरुस्त्या कितीही असोत, मोबदला तोच; काम चालू ठेवल्यास मान्यता समजू. काम जाऊ नये म्हणून मी पुढचं पान उघडलंसुद्धा होतं. काकांना मेल वाचून दाखवली.

"ब्रश धुवा," ते म्हणाले.

ही पुस्तिका ठरलेल्याच अटींवर करीन, तुमचं उत्तर येईपर्यंत काम थांबवलं आहे, असं मी कळवलं. तीन दिवसांनी होकार आला. पुढचं काम मात्र त्यांनी दिलं नाही. काकांना सांगितलं तर म्हणाले, "होते असं. मले बी लय लोकाईनं दुसऱ्यांदा नाही बोलावलं."

बाल्कनीत ओल निघाली होती. ती वाळली की उरलेलं करू, असं ठरलं. त्याआधीच काका छातीच्या दुखण्यानं गेले. मला फार वाईट वाटलं.

महिन्याभरानं त्यांचे धाकटे भाऊ काम पुरं करायला आले. बाल्कनी झाली. मग ते ब्रश घेऊन बेडरूममधल्या त्या मजकुरापाशी गेले. मी नको म्हणाले.

"पुरी बेडरूम लिवून आहे ना, ताई," ते म्हणाले.

मी पेन्सिल आणली. शेवटच्या ओळीखाली लिहिलं, "एवढी जागा सोडून." सही केली आणि पेन्सिल त्यांच्यापुढे धरली.